बिनकाट्याची लिंबोणी

नानांच्या फाटकावर पाटी होती, 'बिनकाट्याच्या लिंबोणीचे मूळ झाड येथेच आहे'. तिथून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर बापूचं फाटक, आणि त्यावर 'खरे मूळ झाड येथे आहे'. त्यातला 'खरे' मागाहून घुसडलेला, रंगसुद्धा वेगळा. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, रोपवाटिकेच्या वाटणीत एकीच्या दोन झाल्या त्याला आता इतकी वर्षं लोटली होती की मधल्या तारेवर वेल चढून तिची भिंत झाली होती. पण या दोघा सख्ख्या भावांचं बोलणं काही सुरू झालं नव्हतं. अडलंच तर मध्ये माणूस लागायचा. एकाच बाकावर बसून नाना त्या माणसाला म्हणायचे, "त्याला सांगा, पंप बंद कर म्हणावं," आणि बापू त्याच माणसाला म्हणायचा, "सांगा, केव्हाच केला."

त्या रविवारी दुपारी मात्र सगळं खानदान कलमांच्या शेडमध्ये जमलं होतं. ही शेड वाटणीत कुणाकडेच गेली नव्हती, कारण तिच्यावरून भांडता भांडता आप्पाच गेले आणि मग भांडायलाही कुणाला उत्साह राहिला नाही. लांब टेबलावरच्या मातीच्या पिशव्या एका बाजूला सारून काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, चहाचे कप मांडले होते. आत्या, म्हणजे या दोघांची बहीण, आणि तिचे यजमान मुद्दाम गाडी करून आले होते. यजमान विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यामुळे कुठल्याही दोन माणसांच्या मधे खुर्ची टाकून बसायची त्यांना सवय. सगळे त्यांना जावईबापू म्हणायचे, आणि आज तेच पंच होते.

बसायचं कारण बापूची मुलगी, बारकी. घरात सगळ्यात शेवटी जन्मली म्हणून बारकी, आता उंचीने बापाच्या वर गेली तरी बारकीच. जीवशास्त्राची पदवी झाली होती आणि लांबच्या एका विद्यापीठाने तिला वनस्पतींच्या पुढच्या अभ्यासासाठी बोलावलं होतं. जायचं की नाही, हा प्रश्न.

आता जीवशास्त्र म्हटल्यावर ज्याच्या त्याच्या डोक्यात वेगळंच. काकूंना पहिली दोन वर्षं वाटत होतं की पोरगी डॉक्टर होणार. मग वाटलं गुरांची डॉक्टर होणार. मग एकदा सुट्टीत बारकी गटाराकडेच्या भिंतीवरचं शेवाळ खरवडून बाटलीत भरताना दिसली, तेव्हापासून काकूंनी विचारणंच सोडलं. नानांचा मुलगा मोबाईलच्या दुकानात होता. तो म्हणायचा, बेडूक कापून पोट भरतं होय. जावईबापूंनीही आज चहाचा घोट घेऊन सुरुवात तिथूनच केली, की बाई गं, हे शिकून शेवटी माणूस बसतो कुठे?

बारकीने न चिडता सांगितलं. तिच्या वर्गातली एक बंदरावर माशांची अंडी तपासते, औंदा किती मासे धरायचे ते त्यावरून ठरतं. एक दूध कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. एक इस्पितळात रक्त जुळवायला बसतो. एकीचा हात चांगला होता, ती पुस्तकांसाठी किड्यांची चित्रं काढते. दोघं शाळेत शिकवतात आणि एक कुठेच नाही, घरी आहे, तोही अजून वाट बघतोय. "आणि मला रोपवाटिकांचंच शिकायचंय," ती म्हणाली. "कलमाच्या डोळ्यातून रोग जातो. वरून काठी हिरवीगार दिसते, तिच्यावरचे डोळे आपण शंभर खुंटांवर बांधतो आणि चार वर्षांनी सगळी बाग पिवळी पडते. ते आधी कसं ओळखायचं, ते तिथे शिकवतात."

हे बोलणं नानांना आवडलं, आणि आवडलं याचाच राग आला. कारण त्यांना ती जायला नको होती. पोरीचा हात असा, की तिने बांधलेला डोळा वाया गेला असं क्वचित व्हायचं. खुंटाच्या, म्हणजे खालच्या रानटी रोपाच्या, सालीला चीर द्यायची, त्यात चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे फुटायची कळी, सरकवायचा, पट्टी गुंडाळायची. काम तेवढंच, पण ते आप्पांच्या हाताला जमायचं आणि मधली एक पिढी गाळून या पोरीच्या हाताला. नाना आणि बापू कष्टाने शिकलेले, ही जन्मतःच शिकून आलेली. ती दोन्ही वाटण्यांत काम करायची. कुंपणाखालून जशी कोंबडी जाते तशी इकडून तिकडे जायची, आणि तिच्यापुरती रोपवाटिका एकच होती.

म्हणूनच मागच्या बैठकीत नानांनी अट घातली होती. एवढं शिकलीस ना, मग आमच्या दोन लिंबोण्यांपैकी मूळ कोणती ते तुझ्या शास्त्राने सांग. सांगितलंस तर खुशाल जा. नाही जमलं तर मुकाट्याने या टेबलाशी बस. आणि काय नवल, बापूनेही मान डोलावली होती. कित्येक वर्षांत नानांच्या म्हणण्याला त्याने पहिल्यांदा मान डोलावली, आणि तीही स्वतःच्या पोरीला अडकवायला.

अट घातली खरी, पण नाना घरी पोचायच्या आतच पस्तावले. आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला हे त्यांना चांगलं कळलं. कारण त्यांचं झाड मूळ नव्हतं. आणि हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं.

झालं होतं असं. आप्पांना ती लिंबोणी जुन्या जागेत आपोआप उगवलेली सापडली होती, बियाण्याची, आणि अंगावर एक काटा नाही. पुढे ती जागा रस्त्यात गेली. आप्पांनी बिऱ्हाड हलवलं तसं झाडही हलवलं आणि जवळच त्याचं एक कलम लावलं, असं सगळ्यांना सांगितलं. वाटणीच्या दिवशी त्यांनी नानांना बाजूला घेतलं आणि कानात म्हणाले, मूळ झाड तुझ्याकडे दिलंय, धाकट्याला बोलू नकोस. नाना त्या दिवशी हवेत चालत घरी आले होते. मग पुढच्याच वर्षी झाडाच्या बुडातून एक धुमारा फुटला, आणि त्याला हे एवढाले काटे. रोपवाटिकावाल्याला याचा अर्थ सांगायला नको. बुडातून रानटी फूट आली म्हणजे खाली खुंट रानटी आहे. म्हणजे झाड बियाण्याचं नाही, कलम आहे. म्हणजे मूळ झाड बापूकडे, आणि आप्पांनी थोरल्याच्या तोंडाला पानं पुसली.

तेव्हापासून रोज सकाळी दात घासायच्या आधी नाना कात्री घेऊन झाडाशी वाकायचे. धुमारा बोटभर व्हायच्या आत उडवायचा, खोडाला गुडघ्यापर्यंत चुना फासायचा, भोवती माती चढवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. बापूवर ते इतकी वर्षं चिडले होते ते त्याने पाटीवर 'खरे' लिहिलं म्हणून, असं लोक समजायचे. खरं दुखणं हे होतं की त्याने लिहिलेलं खरं होतं.

"बरं, निकाल सांग," जावईबापू म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

बारकीने कप खाली ठेवला. तिने दोन्ही झाडांची पानं आपल्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेली होती, कुटून त्यातला जीवाचा धागा वेगळा काढला होता, आणि दोन्ही धागे शेजारी शेजारी लावून पाहिले होते. दोन्ही एक निघाले. अगदी एक, फरक शोधूनही सापडत नाही असे.

"म्हणजे दोन्ही मूळ?" काकूंनी विचारलं.

बारकी म्हणाली, तसं नाही. आपण म्हणतो की कलम हे झाडाचं पोर. पण ते पोर नाहीच. बी रुजवलं तर पोर. डोळा बांधला म्हणजे तेच झाड दुसऱ्याच्या पायांवर उभं केलं. त्यामुळे वरची पानं कितीही तपासली तरी मूळ आणि कलम सारखंच दिसणार. नानांनी आणि बापूने, एकमेकांच्या नकळत, वाटेत माणूस पाठवून पानांची आणखी एकेक पिशवी तिला दिली होती. माणसं पोराचा बाप शोधायला जातात तशी. दोघांच्याही पिशवीवर लिहिलं होतं, 'ही नीट बघ'. हे तिने सांगितलं तेव्हा आत्या पदर तोंडाला लावून हसली आणि दोघे भाऊ दोन वेगळ्या दिशांना बघू लागले.

"पायांचं काय मग?" जावईबापू पंच असल्याने मुद्द्यावर आले. "पाय तपासले का?"

"तपासले. तिथेच फसले," बारकी म्हणाली. तिने दोन्ही बुडांशी खणून मुळं काढली होती. पण कुंपणाखाली दोन्ही झाडांची मुळं एकमेकांत गेली होती, त्यात वेलीची, त्यात आणखी कसली कसली. नळीत काय आलं तर निम्मी बुरशी, आणि उरलेलं कुणाचं ते शपथेवर सांगता येईना. खोडाच्या बुडातून एखादा धुमारा फुटलेला मिळाला असता तर एका मिनिटात कळलं असतं. प्रयोगशाळाही लागली नसती, काटे आहेत का एवढंच बघायचं. पण ती सहा महिने बघत होती, दोन्ही झाडांची बुडं अशी स्वच्छ, की जशी आत्ताच कुणी दाढी केली.

"तर मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "अंदाज आहे, पण अंदाज सांगायचा नाही, असं आमच्या बाईंनी शिकवलंय. जे माहीत नाही ते माहीत नाही."

जावईबापूंनी घसा खाकरला आणि अटीची भाषा पुन्हा एकदा म्हणून दाखवली, विम्याच्या कागदासारखी. सांगता आलं तर जाणे, न आल्यास टेबलाशी बसणे. मुलीला सांगता आलेलं नाही. सबब.

नाना जिंकले होते. पाटी राहिली, पोरगी राहिली, मूठ झाकलेली राहिली. इतकं फुकटात पदरात पडलं की त्यांना क्षणभर हसूच आलं. मग त्यांनी बारकीकडे पाहिलं. ती रडत नव्हती, रुसली नव्हती. तिने टेबलावरची चिरायची सुरी उचलली, बोटाने धार पाहिली आणि बाजूला पडलेल्या खुंटांचा जुडगा पुढे ओढला. बसायचं तर बसायचं, आत्तापासूनच. पहिल्या खुंटाला तिने चीर दिली ती सरळ गेली नाही. तिच्या हातून तिरपी चीर नानांनी आजवर पाहिली नव्हती.

आणि नानांना स्वतःची लाज वाटली. पोरीला येत नव्हतं म्हणून ती हरली असती तर गोष्ट वेगळी. ही खरं बोलली म्हणून हरली, आणि खोटं झाकून ठेवणारा जिंकला. अंदाज ठोकून दिला असता तर निम्मी शक्यता होती, कुणाला काय कळणार होतं. नाही ठोकला.

नाना उठले. काकूंनी विचारलं, कुठे निघालात, चहा तरी संपवा. ते तसेच आपल्या वाटणीत गेले. सकाळी छाटलेलं अजून खताच्या खड्ड्याच्या काठावर टोपलीत पडलं होतं. पाल्याखाली हात घातला तर काटा बोटात गेला, तो त्यांना बरा वाटला. धुमारा घेऊन ते शेडकडे परत निघाले. इतक्या वर्षांची पाटी आता उतरवायची, तीही बापूच्या डोळ्यांदेखत. उद्या तो फाटकावर उभा राहून गिऱ्हाइकांना काय काय सांगेल याची वाक्यंसुद्धा त्यांना ऐकू येत होती.

त्यांनी तो धुमारा बारकीसमोर टेबलावर ठेवला.

"माझ्या झाडाच्या बुडातला आहे," ते म्हणाले. "दर सकाळी मीच छाटतो. माझं कलम आहे, बाळा. मूळ झाड तुझ्या बापाचं. आलं सांगता तुला. जा आता."

बारकीने धुमारा हातात घेतला, उलटसुलट पाहिला. काटे ओळखायला तिला एवढा वेळ लागत नव्हता. पण ती धुमाऱ्याकडे बघतच राहिली, कारण वर बघितलं असतं तर नानांचं तोंड दिसलं असतं. आता बापू काय बोलतो म्हणून सगळे वळले, तर बापूची जागा रिकामी. शेडच्या मागच्या दाराने तो कधी सटकला कुणाला कळलंच नाही.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात भारा होता. एक धुमारा नव्हे, चांगला काखेत मावेल एवढा भारा, जुना वाळलेला आणि आजचा ओलाही. त्याचं छाटलेलं खड्ड्यावरसुद्धा कुणी बघू नये म्हणून बापू ते औषधांच्या खोलीत कुलपात ठेवायचा, आणि जाळायला सवड कधी व्हायची नाही. त्याने तो सगळा काट्यांचा भारा नानांच्या धुमाऱ्यावर ओतला. एक कप लवंडला.

"हे माझ्या झाडाचं," बापू म्हणाला. मध्ये माणूस न घेता, सरळ नानांकडे बघून. "आप्पा मला कानात म्हणाले होते, मूळ तुझ्याकडे दिलंय, थोरल्याला बोलू नकोस."

नानांना आधी समजलंच नाही. मग समजलं. "तुलाही?"

"मलाही. आणि दुसऱ्या वर्षी हे काटे. म्हटलं, म्हणजे खरं तुझ्याकडे. म्हणून तर 'खरे' लिहिलं रे पाटीवर. माणूस खरं असल्यावर कशाला लिहील?"

पहिली हसली आत्या. हसता हसता तिला ठसका लागला, यजमानांनी पाठीवर थोपटलं तरी ती थांबेना. मग काकू, मग बारकी, आणि शेवटी ते दोघे, टेबलाच्या दोन टोकांना हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं रोज सकाळी कुंपणाच्या दोन बाजूंना दोन म्हातारे होत चाललेले भाऊ एकाच वेळी वाकून काटे छाटत होते, आणि दोघेही मनात म्हणत होते, त्याचं बरं आहे.

"मग मूळ झाड गेलं कुठे?" जावईबापूंनी विचारलं. पंचाला हसून चालत नाही.

ते आत्यालाच माहीत होतं. मूळ झाड हलवताना मेलं होतं. आप्पांच्या हाताला तेव्हा कंप सुटायला लागला होता आणि हे दोघे बाहेरगावी नोकऱ्या शोधत होते. म्हणून आप्पांनी तिला, लग्नाच्या आधीच्या वर्षी, मरत्या झाडावरचे जिवंत डोळे काढून दोन खुंटांवर बांधायला लावलं. दोन जगले. ते दोन हे. आप्पांनी तिला गप्प राहायची शपथ घातली होती आणि म्हणाले होते, मेलं म्हटलं तर पोरं धंदा सोडतील. प्रत्येकाला वाटू दे की आपल्याकडे मूळ आहे, म्हणजे दोघेही जपतील.

"जपलं की," नाना म्हणाले. त्यांना आप्पांचा राग यायला हवा होता. आला नाही. आप्पांनी दोघांनाही सारखंच फसवलं होतं, म्हणजे कमीजास्त कुणालाच धरलं नव्हतं, आणि ते कळल्यावर नानांच्या छातीतली कित्येक वर्षांची गाठ अशी सुटली की त्यांना खुर्ची शोधावी लागली.

जावईबापूंचा मुद्दा राहिलाच होता. त्यांचं म्हणणं, की अट दोनपैकी मूळ कोणतं ते सांगायची होती. दोन्ही नाही, हे उत्तर अटीत बसत नाही. शिवाय ते शास्त्राने सांगितलं नाही, काट्यांनी सांगितलं.

"अट मी घातली होती, मी मोडली," नाना म्हणाले. "ती जाईल."

"पोरगी माझी आहे," बापू म्हणाला. "मला विचारशील की नाही?"

नाना त्याच्याकडे वळले. "विचारतो. जाऊ दे तिला?"

बापूने लवंडलेला कप सरळ केला. मग म्हणाला, "जाऊ दे."

आता खरं तर इथे आनंदीआनंद व्हायचा. काकू चहा पुन्हा टाकायला उठल्याही. पण बारकी जागची हलली नाही. तिने दोघांकडे पाळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, "मी एक आत्ताच सांगते. शिकून झाल्यावर मी परत इथेच येईन असं मी कबूल करत नाही. येईन कदाचित. तिथे काय काय आहे ते मी अजून पाहिलंही नाही. मला माहीत नाही."

"अगं, तोंडदेखलं तरी हो म्हण," काकू म्हणाल्या. "बरं वाटेल त्यांना."

"नको," नाना म्हणाले. "तोंडदेखलं ऐकूनच इतकी वर्षं गेली आमची." मग ते उठून टेबलाला वळसा घालून बारकीजवळ गेले. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. तिच्या डोक्यावर हात ठेवला, जड, मातीने भरलेला. "परत यायला नाही पाठवत तुला. शिकायला पाठवतोय. तू नसलीस तर मला करमणार नाही. ते माझं मी बघेन."

एवढं म्हणून ते शेडच्या बाहेर पडले आणि घराकडे भराभरा चालू लागले, कुणाला तोंड दिसू नये म्हणून. बापूला ते कळलं. कळणार नाही तर काय, त्याचंही तेच झालं होतं. तो जवळजवळ पळतच गेला आणि फाटकापाशी त्यांच्या बरोबरीला आला. मग दोघे सावकाश चालत राहिले, दोघेही रडत होते, आणि एकमेकांपासून ते लपवावं असं दोघांनाही वाटलं नाही.